बिनदांड्याची कुऱ्हाड

धुळ्याच्या मुलींच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला. दरवर्षी पाचवीच्या वर्गापुढं उभं राहून सांगायचं, ‘चारही बाजूंनी पाण्यानं वेढलेल्या भूभागाला बेट म्हणतात,’ आणि मुलींनी ते वहीत उतरवून घ्यायचं. एखादी चौकस पोर विचारायची, ‘बाई, तुम्ही बेट पाहिलंय का?’ मी सरळ फळ्याकडं तोंड करायची आणि द्वीपकल्पाची व्याख्या लिहायला घ्यायची. ज्या बाईचे बालपणीचे सगळे उन्हाळे बेटावर गेले, तिनं हे करावं! पण बेटाविषयी बोलायला लागले असते, तर शेवटपर्यंत बोलावं लागलं असतं, आणि शेवटपर्यंत जायची माझी छाती नव्हती. आता पिंप्राळ्याच्या घरात निवांत बसून लिहिते आहे, तर त्या उन्हाळ्यांचं आधी मनसोक्त लिहिणार आहे. वाईट काय ते पुढं येईलच, त्याला घाई नाही.

आमचं गाव तापीकाठचं, चोपडा आणि अमळनेर यांच्या मधलं. गावासमोर नदीचे दोन फाटे व्हायचे आणि मधोमध बेट. नाव आसराचं बेट. करंजाखाली शेंदूर लावलेले सात दगड होते, त्या साती आसरा, पाण्याच्या देवी. बेट त्यांचं, आम्ही पाहुणे, असं गावात सगळे मानायचे. दिवाळी झाली, पाणी उतरलं, की गावातली दहा-बारा घरं टरबुजाच्या वाडीसाठी बेटावर बिऱ्हाड हलवायची. त्यात आमचं एक. पऱ्हाट्यांची खोप उभी करायची, दाराशी तीन दगडांची चूल, आणि वाळूत हात-दोन हात उकरलं की झिरा लागायचा. त्या झिऱ्याच्या पाण्याची चव मी नंतर कुठल्याच पाण्यात पाहिली नाही. आता घरात मशीन लावून पाणी गाळतात. ते स्वच्छ असतं, एवढंच त्याच्याविषयी बोलता येईल.

आबा, म्हणजे माझे वडील, वाळूत ओळीनं खड्डे करायचे, माय त्यात शेणखत भरायची आणि मी बी टोचायची. खड्ड्याला तांब्याभर पाणी, रोज सकाळ-संध्याकाळ. वेल धावायला लागले की दुपारी आम्हाला काम नसे. मग मी बेटाच्या वरच्या अंगाला जायची. ज्या टोकावर नदी येऊन आपटते आणि दोन वाटा करते, तिथं झाऊचं रान होतं. झाऊ म्हणजे काही राजेशाही झाड नव्हे. बारीक पानं, वाकडीतिकडी खोडं, गुलाबी फुलोरा. पण वारा सुटला की त्या रानातून असा आवाज यायचा, जणू कुणी दूर बसून सुपानं धान्य पाखडतंय. त्याच्या मुळ्या वाळूत खोल जाऊन एकमेकींत अशा गुंतलेल्या असत, की पुराचं पाणी डोक्यावरून गेलं तरी वाळू जागची हलत नसे. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला तिथं सावली असायची, ओल असायची आणि एखादं उद, म्हणजे पाणमांजर, पाण्यातून डोकं काढून माझ्याकडं बघायचं, एवढंच कळायचं.

झाऊच्या मागं वाळुंज, करंज, एक म्हातारं उंबर. खालच्या अंगाला मोकळी वाळू, तिथं चैत्रात सुरया, नदीवर मासे टिपणारी पाखरं, अंडी घालायच्या. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा. पाय पडला तर कळायचंही नाही. म्हणून नथ्थू नाना बाभळीचे काटे आणून प्रत्येक खळग्याभोवती कडं करायचा आणि त्या कड्यात ज्याच्या वाडीचा खड्डा येईल त्यानं तो त्या वर्षी सोडून द्यायचा. आबा कुरकुरायचे. ‘पक्षीनी वाडी शे का मन्ही वाडी शे?’ असं म्हणायचे, पण सोडायचे.

नथ्थू नाना आमचा नावाडी. कोळी माणूस, उंच, कानात बाळी, आवाज असा की पलीकडच्या काठावरून हाक मारली तर ढोरं माना वर करत. गावाकडचा फाटा खोल होता, उन्हाळ्यातही माणूस बुडेल एवढं पाणी. तेव्हा बेटावर जायचं तर नानाच्या नावेतून. दुसऱ्या अंगानं पाणी गुडघाभर असे, पण तिकडून यायचं तर दिवसभराचा वळसा, आणि तिकडचं गावही नेम पाळणारं. नेम एकच होता, बेटावर कुऱ्हाड न्यायची नाही. विळा चालेल, खुरपं चालेल. मोडून पडलेलं, वाहून आलेलं लाकूड हवं तेवढं उचला. पण उभ्या झाडाला लोखंड लागता कामा नये, आसरा कोपतात. काठावर एक निंब होता, त्याच्या बुंध्याशी सगळ्यांनी आपापल्या कुऱ्हाडी टेकवून ठेवायच्या, मग नावेत चढायचं. नाना गोणपाट चाचपायचा, वैरणीचा भारा दाबून बघायचा. पाटील असो की पाहुणा. ‘लोखंड खाले ठेवा, मंग पाय वर ठेवा,’ असं म्हणायचा, आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नसे.

नानाची मुलगी सुपडी. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्यावर सुपात घालून ओढलेली, म्हणून सुपडी. माझ्याहून दीड-दोन वर्षांनी मोठी. आमच्या गावात पोरींनी पोहलेलं चालायचं नाही, आणि ही नाव चालवायची! चौदाव्या वर्षी तिचे दंड एखाद्या पोऱ्यासारखे होते. भर पाण्यात नाव आडवी झाली की मोठमोठे बाप्ये देवाचं नाव घ्यायचे आणि ही हसायची. नानाला दुसऱ्या गावी जायचं असलं की वल्हं तिच्या हातात. मग ती बापासारखाच आवाज काढून म्हणायची, ‘लोखंड खाले ठेवा.’ लोक हसत आणि ठेवत. मला तिचा हेवा वाटायचा आणि ती माझी मैत्रीण आहे याची फुशारकीही वाटायची. मी शाळेसाठी गावातल्या घरी आजी-आजोबांजवळ राहायची आणि सुट्टीच्या दिवशी, सकाळच्या शाळेनंतर किंवा शाळा बंद झाल्यावर रोजच, घरून टोपलं घेऊन बेटावर जायची. टोपल्यात कळण्याच्या भाकरी, ठेचा, कधी फुनके, म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, आणि कढीचं गाडगं. काठावर पोचलं की सुपडीचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘इमल, आज काय आनं शे?’ आणि वरची एक भाकरी तिची. फुनक्यांच्या दिवशी तर ती नाव सोडायलाच उशीर करायची. नाना ओरडायचा, आम्ही तोंडात कोंबून हसायचो. एवढं सुख मला पुढं कुणी दिलं असेल, असं वाटत नाही. नवरा चांगला होता, मुलं चांगली आहेत, म्हणून कृतघ्नपणे बोलत नाही. पण भर दुपारी, नदीच्या मध्यावर, ठेच्यानं तोंड भाजलेलं आणि पाणी हातानं उचलून पिण्याएवढं जवळ, हे सुख वेगळंच.

माझा मामा सावद्याचा. तिकडं केळीच्या बागा. एका उन्हाळ्यात तो बेट बघायला आला, वाळूच्या मागची काळी गाळवट माती मुठीत घेऊन दाबली आणि आबांना म्हणाला, ‘दाजी, टरबूज काय लावत बसलात? या मातीत केळ लावा. बाराही महिने पाणी पायाशी.’ मामाला फक्त एवढंच दिसलं. पण केळीला जागा मोकळी हवी, आणि ती गाळवट माती साठली होती ती झाऊच्या आडोशानं, झाऊच्याच रानात. आबा त्या दिवसापासून गप्प गप्प झाले. जेवताना बेटाकडं बघत बसायचे. आबा वाईट नव्हते, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे. देवभोळे होते, कुणाची काडी उचलत नसत. आणि देवभोळ्या माणसाला जेव्हा एखादी गोष्ट मनापासून हवी होते, तेव्हा तो देवाशी भांडत नाही, देवाच्या नेमातच फट शोधतो.

ती फट त्यांना सापडली. एक दिवस नाना बहिणीकडं चोपड्याला गेला होता. आबा आदल्या दिवसापासूनच गावातल्या घरी आलेले, मायही आलेली. सकाळी मी शाळेतून आले तर आबा ओसरीवर बसून तीन कुऱ्हाडींचे दांडे ठोकून काढत होते. दांडे बाजूला झाले, पाती बाजूला. दांडे हातात धरले तर नुसत्या काठ्या. माय दारात उभी होती. आबा मला जवळ बोलावून म्हणाले, ‘इमल, हाई दख. दांडा नही तवलोंग ती कुऱ्हाड नही. नुसतं लोखंड शे. लोखंड ते विळाबी शे, खुरपंबी शे. आपन नेम मोडत नही.’ हे ते मला समजावत होते की स्वतःला, की आसरांना, देव जाणे. मला मात्र ते पटलं. बारा वर्षांच्या पोरीला बापाचं न पटण्याची तेव्हा सोय नव्हती, हे खरं. पण मला खरंच पटलं होतं, उलट आबांच्या हुशारीचं कौतुकही वाटलं.

माय म्हणाली, ‘पोरना हातथीन नका धाडू.’ एवढंच. आबांनी तिच्याकडं बघितलं नाही. मग मायनं जुन्या लुगड्याचं धडपं फाडलं, त्यात ती तीन पाती एकेक करून गुंडाळली, टोपल्याच्या तळाशी ठेवली, वर केळीचं पान, पानावर भाकरी. तिच्या भाकरी नेहमी गोल असायच्या, त्या दिवशीच्याही गोलच होत्या. टोपलं डोक्यावर देताना तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि तो हात तिथंच क्षणभर थांबला. तिनं मला अडवलं असतं तर, असं मी कितीदा तरी मनात म्हटलंय. मग स्वतःलाच विचारते, विमलबाई, तुम्हाला पाय नव्हते का?

आबा, माय आणि मी काठावर पोचलो, तर सुपडी वल्हं घेऊन उभी. पाच-सहा माणसं होती, त्यात तिचा काकाही. तिनं प्रत्येकाला अडवलं. एकाची गोणी उलटी केली, एकाचा वैरणीचा भारा सोडायला लावला. आबांच्या हातातल्या काठ्या बघून म्हणाली, ‘आबा, एवढ्या काठ्या?’ आबा म्हणाले, ‘खोपले टेकू लावना शे.’ ती ‘बरं’ म्हणाली. आणि मग माझ्याकडं वळून हसली. ‘इमल, आज काय आनं शे?’ मी म्हटलं, ‘कयनानी भाकर.’ मी टोपलं खाली ठेवलंच नाही, मांडीवर घेऊन बसले आणि वरची भाकरी काढून तिला दिली. तिनं ती कमरेला खोचली, नाव ढकलली आणि नेहमीसारखी गाणं म्हणत निघाली. नदी पार होईपर्यंत माझ्या मांड्यांना ती पाती टोचत होती. लुगड्याच्या घड्या असून टोचत होती.

दुपार कलली तेव्हा पहिला घाव बसला. झाऊचं लाकूड ओलं, त्याचा आवाज ठणठणीत नसतो, दबका असतो. पण नदीवर आवाज लांब जातो. वाड्यांमधली माणसं उभी राहिली. कुणी पुढं आलं नाही. सगळे बघत होते की आता आबांना काय होतं. काहीच झालं नाही. पान हललं नाही, ना आभाळ भरून आलं. आबांनी दुसरा घाव घातला, मग तिसरा. आणि मी बघत होते की लोकांच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू उतरतेय आणि तिच्या जागी वेगळंच काही येतंय. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ म्हणतात. आमच्याकडं दांडा बिचारा निर्दोष होता.

दिवस मावळायच्या आधी नाना परत आला. त्यानं काठावरूनच पडलेलं झाऊ बघितलं. सुपडीला घेऊन तो बेटावर आला, नाव वाळूत ओढली आणि सगळ्या वाडीवाल्यांना गोळा करून विचारलं, ‘कुऱ्हाड कोन लई उनं?’ आबा म्हणाले, ‘आठेच सापडनी, नाना. रेतीमा गाडेल व्हती.’ नाना आबांकडं बघत राहिला. त्याला ते खोटं आहे हे कळत होतं, पण माणसाला तोंडावर खोटा म्हणायची आमच्याकडं रीत नाही, त्यातून आबांसारख्या माणसाला. मग तो लेकीकडं वळला.

‘तुले मी सांगं व्हतं ना, बठ्ठं दखी ले?’

‘मी बठ्ठास्नं दखं, बा.’

‘दखं ऱ्हातं ते हाऊ घाव बसनाच नसता.’

सुपडीनं एकेका माणसाकडं बघितलं. मी मायच्या मागं उभी होते, माझ्यावरून तिची नजर तशीच पुढं गेली. मला वाटलं आता मी बोलणार. अगदी खरं सांगते. पण आबांनी मान खाली घातली होती आणि मी त्यांना कधी मान खाली घातलेलं बघितलं नव्हतं. मी गप्प राहिले. नानानं सगळ्यांसमोर सुपडीच्या हातातून वल्हं काढून घेतलं. मारलं नाही, आवाजही चढवला नाही. ‘आजपाइन याले हात लावू नको,’ म्हणाला. ती रडली नाही. नुसते मोकळे झालेले हात परकराला पुसत राहिली. तिला त्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, तिचं लग्न झालं. आखाजीला आमच्याकडं लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि हिची त्याच दिवसांत पाठवणी. तिला दिली ती पार साक्रीच्या पलीकडं, माळरानावरच्या गावात, जिथं उन्हाळ्यात विहिरीचाही तळ दिसतो. नदी तर सोडाच, नाला नाही. निघताना मी तिला सांजोऱ्या दिल्या. ती म्हणाली, ‘इमल, बेटवर जाशी ना, ते मन्ही याद करजो.’ मी मान हलवली. तेव्हाही बोलता आलं असतं.

पहिली कुऱ्हाड न्यायलाच काय ती युक्ती लागते. पुढच्या वर्षी निंबाखाली कुणी कुऱ्हाड टेकवेना. नानानं एकदोनदा हटकलं, मग हटकायचं सोडलं, मग नावच सोडली. आमची केळी जोमात आली. दोन हंगाम घड असे लागले की मामा सावद्याहून मुद्दाम बघायला आला. मायनं त्यातलं एक केळंही तोंडात घातलं नाही. आबांनीही तिला कधी ‘का’ म्हणून विचारलं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात नदी आली आणि वरचं टोक नुसतं विरघळलं, गूळ पाण्यात विरघळतो तसं. तिथं धरून ठेवायला काही उरलंच नव्हतं. केळी गेली, वाळुंज गेलं, पुढच्या पावसाळ्यांत उंबर गेलं, साती आसरा करंजासकट गेल्या. मग वर धरण झालं, पाणी घटलं, आणि उरलेल्या वाळूवर ट्रॅक्टर आले. मी तोवर लग्न होऊन धुळ्याला गेले होते. माहेरी यायची, पण नदीवर जायची नाही. नाना वारल्याचं मला पत्रानं कळलं. आबा गेले तेव्हा गाव त्यांच्याविषयी चांगलंच बोललं. ‘पुरानं वाडी नेली तरी माणूस खचला नाही,’ असं म्हणाले.

आता केतकीविषयी. माझ्या भावाची नात, जळगावच्या कॉलेजात शिकते, मला फुईआजी म्हणते. एक दिवस स्कूटरवरून पिंप्राळ्याला आली, वही काढली आणि म्हणाली, ‘फुईआजी, आम्ही बेट पुन्हा उभं करतोय. तुझ्या लहानपणी तिथं काय काय होतं, सांग.’ गावातल्या पोरांनी, तिच्या कॉलेजातल्या पोरांनी आणि दोन म्हाताऱ्या मास्तरांनी मिळून गावाला राजी केलेलं. ट्रॅक्टरच्या वाटेवर चर खणून वाट बंद केली होती, शेळ्यांना तिकडं सोडायचं नाही असं ठरलं होतं. वरच्या टोकाला ते जांभूळ आणि आंबे लावणार होते. मी म्हटलं, ‘वेडे, तिथं आंबा काय करेल? तिथं झाऊ लाव. आणि झाऊच्या पुढं वाळा.’ मग मी सांगतच सुटले. वाळुंज कुठं होतं, सुरया कुठं बसायच्या, झिरा कुठं लागायचा. तिनं माझ्याकडून नकाशा काढून घेतला. जन्मभर मुलींना नकाशे काढायला लावले, हा एक मात्र मी डोळे मिटून काढला. तिनं विचारलं, ‘मग हे सगळं गेलं कसं?’ मी म्हटलं, ‘पुरानं.’

झाऊच्या कांड्या त्यांनी वरच्या गावाकडून आणल्या, वाळूत टोचल्या, वाळ्याच्या ओळी लावल्या. दोन पावसाळे त्या टिकल्या. टिटव्या आल्या, सुरया अजून नाहीत. या हिवाळ्यात केतकी मला गाडीत घालून घेऊन गेली. काठावर मंडप टाकला होता. गावातली जुनी माणसं बोलावून बेटाचा इतिहास लिहून काढायचा, मग तो फलकावर रंगवून काठावर लावायचा, असा बेत. तिच्या वहीत माझ्या आबांचं नाव आधीच होतं, ‘बेटावर पहिली बाग फुलवणारे’. तिनं ते मला अभिमानानं दाखवलं. मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

आणि समोरच्या सतरंजीवर सुपडी बसलेली. नवरा गेल्यावर धाकट्या भावाकडं परत आली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नव्हतं. केस पांढरे, दंडांची कातडी लोंबलेली, पण बसणं तेच, पाठ ताठ. मला बघून ती इतकी मोकळी हसली की मला जागेवरून उठवेना.

केतकीनं वाचायला सुरुवात केली. पुरापर्यंत आली तेव्हा भिलाभाऊ, आमच्याच वयाचे एक वाडीवाले, हात वर करून म्हणाले, ‘थांब पोरी. पूर मंग उना. आगोदर कुऱ्हाड गयी बेटवर. नथ्थू नानानी पोरनी ध्यान दिधं नही, तठूनच बठ्ठं बिघडनं. हाई लिखी ले.’ केतकी लिहायला लागली. मी सुपडीकडं बघितलं. तिनं पदर पुढं ओढला आणि मान डोलावली. ‘हाव भाऊ, खरं शे,’ ती म्हणाली. ‘मन्हीच चूक व्हयनी. लिख पोरी.’

केतकीचं पेन चालत होतं. फलक रंगवला जाणार होता, काठावर उभा राहणार होता, आणि येणारं-जाणारं पोर त्यावर वाचणार होतं की नावाड्याच्या पोरीमुळं बेट गेलं. मला माझा आवाज ऐकू आला तेव्हा मी उभी होते. कित्येक वर्षं न बोललेली बोली तोंडात आपसूक आली. ‘सुपडी, तुनी चूक नही व्हती. कुऱ्हाड मन्हा टोपलामा व्हती. भाकरीसना खाले.’

मग मी सगळं सांगितलं. दांडे, पाती, लुगडं, आबा. आबांचं नाव घेताना आवाज चिरकला, पण घेतलं. केतकीचा चेहरा उतरला होता. तिनं पणजोबांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि अगदी हळू विचारलं, ‘फुईआजी, हे असंच लिहू?’ मी म्हटलं, ‘लिही. माझंही नाव लिही.’ भिलाभाऊ पंच्यानं तोंड पुसत बाहेर गेले. कुणीतरी चहा आला म्हणालं, आणि माणसं सुटका झाल्यासारखी उठली.

सुपडी उठली नाही. मी तिच्यापाशी जाऊन खाली बसले. ती शिव्या देईल, हात झटकेल, असं मनात धरूनच बसले होते. तिनं तसं केलं असतं तर मी थोडी तरी सुटले असते. ती पलीकडच्या बुटक्या झाऊंकडं बघत होती. मग बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. बाजारातून परतताना काहीतरी हरवलं, ते कुठं पडलं असेल याचा माणूस जसा विचार करतो, तशी बोलत होती.

‘त्या दिन नावमा चढेल बठ्ठास्नी नावे मी रोज लेऊ, इमल. सासरले जातावर दयता-दयता लेऊ, पानीनी वाट दखता-दखता लेऊ. याना गोनीमा व्हती का, त्याना भारामा व्हती का. कोनी मन्हा घात कया? करी करी बठ्ठासवर मन गयं. मन्हा काकावरबी गयं, तो बिचारा मरी गया तरी मी त्याले माफ कयं नही.’ ती माझ्याकडं वळली. ‘तुनावर नही गयं वं. एक दिनबी नही गयं.’